सहा बटणांचा रिमोट आणि अंगठ्याची विद्या

जुन्या वस्तूंवर नवा मुलामा चढवून त्या पुनः बाजारांत मांडण्याची सध्यां मोठी चढाओढ लागली आहे. ग्रामोफोनपासून पितळी डब्यांपर्यंत कोणतीच वस्तु तिच्यांतून सुटलेली नाहीं. अशा मालाकडे आम्ही सहसा संशयानेंच पाहतों. कारण पुष्कळदां आंतला जीव केव्हांच गेलेला असतो आणि वरचें कातडें तेवढें विकावयास ठेवलेलें असतें. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं अशाच एका वस्तूवरून वाद माजला, आणि घरांत रिकामपण असलेले आम्हीच एकटे, म्हणून चौकशीचें काम आमच्याकडे आलें. ती चौकशी पुरी झाल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, या एका वस्तूच्या बाबतींत जुन्या आकाराचा आग्रह केवळ हौसेचा नाहीं, त्यामागें भक्कम कारण आहे. मात्र तिच्यांत जें नवें घातलें आहे, त्यांतील एक गोष्ट सामन्यापुरती तरी काढून ठेवण्याजोगी आहे.

ती वस्तु म्हणजे द्वंद्वाच्या व्हिडिओ गेमचा रिमोट. जाणते लोक त्यास कंट्रोलर म्हणतात. पण कॅसेटच्या खांचेंत फुंकर मारून खेळ सुरू करणाऱ्या पिढीनें त्याला रिमोटच म्हटलें, व तोच शब्द आम्हांसही सोयीचा वाटतो. द्वंद्वाचा खेळ म्हणजे काय, हें ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांनीं पडद्यावर समोरासमोर उभे असलेले दोन मल्ल डोळ्यांपुढें आणावेत. एकाची दोरी एका खेळाडूच्या हातीं, दुसऱ्याची दुसऱ्याच्या. ठोसे, लाथा, पकडी, उड्या. ज्याची शक्ति आधीं संपेल तो हरला. कुस्तीप्रमाणेंच यांतही बळापेक्षां वेळ साधण्यास अधिक महत्त्व असतें.

आमचा पुतण्या पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ असून एका बँकेंत जबाबदारीच्या जागेवर आहे. नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. नातवाच्या कॉलेजांत ‘स्ट्रीट फायटर ६’ या खेळाचे सामने व्हावयाचे होते, व त्यासाठीं नवा रिमोट घ्यावयाचा होता. पुतण्यानें सांगितलें, “सहा बटणांचा घे, सेगाच्या जुन्या आकाराचा.” नातवाचें म्हणणें, “काका, तो तुमच्या लहानपणचा. आतां कांडीसुद्धां जाऊन नुसतीं बटणें आलीं.” सूनबाई व्यायामोपचाराचें शिक्षण घेतलेल्या, त्यांस दोघांचेंही पटेना. त्यांचें लक्ष रिमोटाकडे नव्हतें, मुलाच्या अंगठ्याकडे होतें.

पुतण्याच्या मतांत आठवणींचा भाग आहे, हें उघड आहे. १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत नागपुरांत सीताबर्डीपासून महालापर्यंत गल्लीबोळांतून व्हिडिओ गेमचीं पार्लरें होतीं. उंच लाकडी पेटी, तिच्यांत टीव्ही, समोर एक कांडी व कांहीं बटणें. जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९९३ सालीं काढलेल्या एका खेळाचें खरें नांव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असें लांबलचक आहे. पण त्यांतील एका पात्रावरून हिंदुस्थानांतल्या पोरांनीं त्याचें बारसें ‘मुस्तफा’ असें केलें व तेंच रूढ झालें. ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ हा दुसरा. शाळा सुटण्यापूर्वींच सुटलेले विद्यार्थी कोठें सांपडतात, हें त्या काळच्या प्रत्येक शिक्षकास ठाऊक होतें. आम्हींही त्या अंधाऱ्या दुकानांतून कित्येकांस बाहेर काढलें आहे. पण ते तेथें काय करीत होते हें मात्र या वर्षीं प्रथम नीट समजावून घेतलें.

आतां सहा बटणांचें मूळ पाहूं. कॅपकॉमचा पहिला ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ सालचा. त्याच्या मोठ्या पेटीवर बटणांऐवजीं रबरी गाद्या होत्या. एक ठोशाची, एक लाथेची. जितक्या जोरानें हात मारावा तितका पडद्यावरील घाव मोठा. कल्पना चमत्कारिक खरी, पण खेळणाऱ्यांचे हात दुखूं लागले व गाद्याही टिकेनात. तेव्हां त्या काढून त्यांच्या जागीं सहा बटणें आलीं: हलका, मध्यम व जड असे तीन ठोसे वरच्या ओळींत, आणि तशाच तीन लाथा खालच्या ओळींत. १९९१ सालीं आलेल्या ‘स्ट्रीट फायटर २’ नें हीच रचना जगभर नेली. ही मांडणी व्याकरणाच्या कोष्टकासारखी आहे. ओळीवरून क्रियेचा प्रकार कळतो व स्तंभावरून तिचें बल कळतें. बोट जेथें जाईल तेथें काय होणार, तें पाठ करावें लागत नाहीं.

घरच्या यंत्रांची मात्र पंचाईत झाली. सेगा कंपनीचें ‘मेगा ड्राइव्ह’ १९८८ सालीं जपानांत निघालें, त्याच्या रिमोटावर तीनच बटणें होतीं. त्यावर ‘स्ट्रीट फायटर २’ खेळतांना तीं तीन बटणें एका वेळीं ठोशांचीं तरी असावयाचीं किंवा लाथांचीं तरी. एकांतून दुसऱ्यांत जाण्यासाठीं खेळ चालूं करण्याचेंच बटण दाबावें लागे. लेखकास दर वाक्यागणिक दौत बदलावी लागली तर लेखन कसें होईल, तसा तो प्रकार. म्हणून १९९३ सालीं सेगानें सहा बटणांचा रिमोट काढला. डाव्या हाताला दिशांची गोल चकती, उजव्या हाताला तीन-तीन बटणांच्या दोन ओळी. पुढच्या वर्षीं निघालेल्या ‘सॅटर्न’ यंत्राच्या रिमोटावरही हीच मांडणी ठेवून वर खांद्याचीं दोन बटणें जोडलीं. बाकी जगानें दुसरा रस्ता धरला. प्लेस्टेशन व त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांत उजवीकडे चारच बटणें राहिलीं, उरलेलीं रिमोटाच्या पाठीमागच्या कडेवर गेलीं. म्हणजे जड ठोसा व जड लाथ मारावयास तर्जनीनें मागें चांचपावें लागूं लागलें.

आमच्या पुतण्यानें सुचविलेला रिमोट या सेगाच्या आकाराचाच वंशज. चीनमधील शेनझेनच्या ‘एटबिटडो’ या कंपनीनें ‘एम ३०’ या नांवानें तो काढला. जपानच्या ‘होरी’ कंपनीचा ‘फायटिंग कमांडर’ याच जातीचा. बाह्य रूप व बटणांची जागा जुनी. आंत मात्र पुनःपुन्हां भरतां येणारी विजेची बॅटरी, तारेशिवाय जोडण्याची सोय आणि हल्लींच्या फोनास लागते तशीच तार.

नागपूरच्या न्यायालयाभोंवतीं टंकलेखन करणारे लोक ज्यांनीं पाहिले असतील त्यांस यांत आश्चर्य वाटणार नाहीं. रेमिंग्टनच्या मराठी यंत्राचा कळफलक ज्यांच्या बोटांत बसला, त्यांनीं यंत्र जाऊन संगणक आला तरी तोच कळफलक मागून घेतला. शास्त्रशुद्ध मांडणी निराळी आहे म्हणून सांगून उपयोग होत नाहीं. मात्र टंकलेखकाच्या बाबतींत तो संवयीचा प्रश्न आहे. सहा बटणांच्या बाबतींत संवय व रचना दोन्ही एका बाजूस आहेत. खेळच सहा घावांचा आहे, आणि २०२३ सालच्या ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्येंही मूळ पद्धतीनें खेळणाऱ्यास ते सहा घाव तसेच ठेवलेले आहेत. अंगरखा सहा बंदांचा असेल तर बंदही सहाच लागणार.

आतां डाव्या हाताकडे वळूं; कारण खरी विद्या तेथें आहे. ‘र्यू’ नांवाच्या कराटेपटूच्या हातून तेजाचा गोळा सोडावयाचा असेल, तर चकतीवर अंगठा खालून तिरपा होऊन पुढें असा पाव वर्तुळ फिरवावा लागतो व तो पुढें पोंचतांच ठोसा दाबावा लागतो. उडी मारून येणाऱ्या प्रतिपक्ष्यास वरच्यावर झोडपणारा घाव याहून अवघड: आधीं पुढें, मग खालीं, मग पुढें-तिरपें. पडद्यावरील चित्र एका सेकंदांत साठ वेळां बदलतें; म्हणजे एका चित्राचें आयुष्य सुमारें १७ सहस्रांश सेकंद. डोळ्यांनीं पाहून हात हलवावयास साधारण मनुष्यास सेकंदाचा चौथा-पांचवा हिस्सा लागतो. तितक्यांत बारा ते पंधरा चित्रें निघून गेलेलीं असतात. यामुळें निष्णात खेळाडू पाहून खेळत नाहीं, ताडून खेळतो. २००४ सालीं कॅलिफोर्नियांतील ‘एव्हो’ स्पर्धेंत जपानचा दाइगो उमेहारा याची शक्ति इतकी उरली होती कीं एकही घाव अडवण्याच्या प्रयत्नांतसुद्धां तो हरला असता. अमेरिकेच्या जस्टिन वाँगनें सोडलेल्या लाथांच्या सरींतील प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणीं पुढें कांडी टेकवून त्यानें ती झेलली, व उलट सामना जिंकला. नातवानें तें चित्र आम्हांस दाखविलें. प्रथम कांहीं कळलें नाहीं. तिसऱ्यांदां पाहतांना त्या लाथांची लय ध्यानांत आली, आणि तबलजीनें तिहाई धरून समेवर यावें तसा आनंद झाला.

दाइगोची ती कांडी होती. पण साधनाचा मोठेपणा म्हणजे खेळाचा मोठेपणा असें समजणारांनीं २०१४ सालची गोष्ट पाहावी. त्या वर्षीं त्याच ‘एव्हो’ स्पर्धेंत ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’ चें अजिंक्यपद फ्रान्सच्या ‘लफी’ नांवानें खेळणाऱ्या खेळाडूनें पटकावलें, आणि त्याच्या हातांत होता पहिल्या प्लेस्टेशनचा, वीस वर्षांपूर्वींच्या घडणीचा, साधा रिमोट. भोंवतालीं बहुतेकांच्या मांडीवर मोठमोठे पाट व कांड्या होत्या. हें उदाहरण ऐकतांच आमच्या पुतण्याची मुद्रा पाहण्यासारखी झाली होती. नातू मात्र म्हणाला, “आजोबा, लफी जिंकला तो लफी होता म्हणून. रिमोटामुळें नव्हे.” हेंही बरोबर आहे.

नातवाचें मन ज्यावर बसलें होतें तें साधन निराळेंच. त्यांत कांडी नाहीं, चकती नाहीं. डावी, उजवी, खालीं, वर या चारही दिशांस स्वतंत्र बटण. हारमोनियमवर बसल्याप्रमाणें दोन्ही हातांचीं बोटें पसरून खेळावयाचें. यांत अंगठ्याचा फेर उरत नाहीं व चूक कमी होते. सूनबाईंनीं याच साधनाच्या बाजूनें कौल दिला, आणि त्यांचें कारण विचारांत घेण्यासारखें आहे. चकतीवर खेळतांना सगळा भार डाव्या अंगठ्यावर पडतो. अंगठ्याच्या मुळाशीं मनगटापाशीं असलेल्या स्नायुबंधांस सूज येऊन वेदना होण्याचा जो विकार आहे, त्याचें वर्णन स्वित्झर्लंडचे शस्त्रवैद्य द कर्व्हें यांनीं १८९५ सालींच करून ठेवलें आहे. त्या काळीं धुणें पिळणाऱ्या व लेंकरें उचलणाऱ्या बायकांस तो होई, आतां फोन व रिमोट धरणाऱ्यांसही होतो. कांडीनें भार मनगटावर व दंडावर जातो, नुसत्या बटणांनीं तो चार बोटांत वांटला जातो. येथें जुन्या रिमोटाची बाजू लंगडी आहे, हें पुतण्यासही कबूल करावें लागलें. तोडगा एवढाच निघाला कीं, अर्ध्या तासानें हात थांबवावयाचा, व अंगठ्याच्या मुळाशीं दुखूं लागल्यास सामना असो वा नसो, खेळ बंद.

परंतु नुसत्या बटणांच्या साधनाविषयीं एक मोठा वाद आहे. कांडी एका वेळीं एकाच बाजूस झुकते. बटणें मात्र दोन असल्यानें डावें व उजवें एकदम दाबतां येतात. मग मल्लानें जावें कोणीकडे? हा निर्णय साधनाच्या पोटांतील लहानशी चकती करते. एक पद्धत अशी कीं, नंतर दाबलेलें बटण खरें मानावें. आम्हीं हें ऐकलें व हंसूं आलें. कारण दोन तुल्यबल सूत्रांचा विरोध आला असतां परचें, म्हणजे नंतरचें, प्रमाण मानावें, ही पाणिनीच्या सूत्राची परंपरागत व्याख्या आम्हीं विद्यार्थिदशेंत घोकलेली. (२०२२ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील एका तरुण संशोधकानें त्या ‘पर’ शब्दाचा अर्थ ‘उजवीकडचें’ असा लावला. तो धरला तर मल्ल नेहमीं उजवीकडेच जावयाचा, व डावीकडच्या प्रतिपक्ष्यास सुख!) विनोद राहूं द्या. या पद्धतीनें कांहीं घाव असे साधतां येतात कीं जे कांडीनें किंवा चकतीनें साधणें मनुष्यास शक्यच नाहीं. ‘गाइल’ नांवाचा योद्धा प्रथम कांहीं काळ मागें दाबून धरून मग पुढें ढकलल्याखेरीज आपला घाव सोडीत नाहीं. मागेंपुढें जाण्यांतला जो क्षण कांडीवाल्यास द्यावा लागतो, तो बटणवाला वांचवितो. म्हणून २०२३ सालच्या व्यावसायिक स्पर्धांच्या नियमांत कॅपकॉमनें असें ठरविलें कीं, विरुद्ध दिशा एकदम दाबल्या गेल्यास एकीनें दुसरीवर मात करावी अशी योजना साधनांत असूं नये. हा नियम आम्हांस न्याय्य वाटतो. नियमांत बसणारें बटणांचें साधन मिळतें. पण त्याची किंमत साध्या रिमोटाच्या कैक पट, आणि दुसऱ्या वर्षांतल्या विद्यार्थ्याच्या एका सामन्यासाठीं घरानें ती मोजावी असें घरांत कोणासच वाटलें नाहीं.

आतां ‘एम ३०’ मधील ज्या गोष्टीवर आमचा आक्षेप आहे ती सांगतों. त्यावर एक जास्तीचें बटण आहे, त्याच्या साह्यानें दुसऱ्या बटणास ‘टर्बो’ करतां येतें. म्हणजे बोट एकदां दाबून धरलें कीं यंत्र तेंच बटण आपल्या आपण सेकंदांत कितीतरी वेळां दाबत राहतें. विमानें पाडण्याच्या एकट्यानें खेळावयाच्या जुन्या खेळांत हें सोयीचें, व थकल्या हातास आरामाचें. द्वंद्वांत मात्र तें निषिद्ध, व सामन्यांच्या नियमांतूनही त्यास मज्जाव असतो. तारेऐवजीं बिनतारी जोडणी, बॅटरी, हलकें वजन, या सुधारणा खेळाडूच्या हाताच्या बाहेरच्या आहेत. त्यांनीं कोणाची विद्या वाढत नाहीं कीं घटत नाहीं. टर्बो हाताच्या आंत शिरतो. दंड काढतांना दुसऱ्यानें कंबर धरून वरखालीं करावें, असा तो प्रकार आहे. घरीं सरावांतसुद्धां तें बटण लावावयाचें नाहीं, असा करार नातवाकडून आम्हीं करून घेतला.

एका खेळण्याविषयीं एवढा काथ्याकूट कशासाठीं, असें कांहीं वाचक म्हणतील. आमच्या घरांतील वडील मंडळींचेंही प्रथम तेंच म्हणणें होतें. परंतु ज्या खेळांत पदकें लागतात त्याचीं साधनें व नियम यांकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं. चीनमधील हांगझो येथें २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता. त्यांत हिंदुस्थानच्या वतीनें मयंक प्रजापति व अयान बिश्वास हे दोघे खेळले. पदक मिळालें नाहीं. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यानें जिंकलें, तेव्हां त्याचें वय ४४ होतें. (हा आंकडा ऐकून आमचे पुतणे दोन दिवस विशेष उत्साहांत होते.) आपल्या सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें या खेळांस बहुविध क्रीडास्पर्धांच्या सदरांत मान्यता दिली, आणि २०२५ च्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतांना ई-स्पोर्ट्स त्यांपासून वेगळे काढले. जुगार व हा खेळ एकच, असा जो समज घरोघर आहे तो पालकांनीं या कायद्यानंतर तरी सोडावा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिनला आपले देशी खेळ दाखविले, त्यापूर्वीं हुतूतू हाही पोरांचा अंगणांतला दंगाच समजला जात असे. गांवोगांवचे निराळे नियम एके जागीं आणण्यास कितीतरी माणसें खपलीं, तेव्हां त्याची कबड्डी झाली. द्वंद्वाच्या या खेळांत सध्यां तेंच काम चालूं आहे, व कोणता रिमोट चालावा हा त्यांतला निम्मा प्रश्न आहे.

अखेर घरांत सहा बटणांचाच रिमोट आला. ज्यांस तो घ्यावयाचा असेल त्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. त्यावर अंगठ्यानें फिरवावयाच्या लहान कांड्या नाहींत, त्यामुळें मोटारींच्या शर्यती किंवा फुटबॉल यांसाठीं तो कुचकामाचा. घरांत एकच रिमोट परवडत असेल तर हा घेऊं नये. दुसरें, सामन्यास जातांना तार बरोबर न्यावी. बिनतारी रिमोट दुसऱ्याच्या यंत्राशीं जोडलेला राहून भलत्याच वेळीं खेळ थांबवितो, व खेळ थांबविणाऱ्याची ती फेरी जप्त होते. तिसरें, चकतीची परीक्षा परत करण्याची मुदत संपण्यापूर्वींच करावी. कांहीं चकत्यांत पुढें दाबतांना अंगठा किंचित् वर सरकला तरी मल्ल उडी मारतो, आणि नको त्या क्षणीं मारलेली उडी म्हणजे फुकटचा मार. खेळांतच सरावाचें एक दालन असतें. तेथें आपण काय दाबलें तें पडद्याच्या कडेला बाणांच्या रूपानें उमटत जातें. उजवीकडे तोंड करून वीस व डावीकडे तोंड करून वीस असे तेच ते पाव वर्तुळाचे घाव मारावेत आणि चुकलेले मोजावेत. आमच्या घरीं हें मोजण्याचें काम आम्हांकडे होतें. नातवाचे उजवीकडचे एकोणीस व डावीकडचे चौदा बरोबर आले. पुतण्याचे दोन्हीकडे अठरा. पंचवीस वर्षांत त्यानें रिमोट हातीं धरलेला नव्हता. नातवानें तो आंकडा पाहिला, कांहीं न बोलतां रिमोट परत घेतला, व डावीकडे तोंड करून पुनः सुरुवात केली.